डिस्चार्ज निल : ‘चार्ज’ या शब्दावर काय काय लादलंय

काकूचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, त्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी मी बडोद्याच्या दांडिया बाजारातून डबा घेऊन हॉस्पिटलात पोचले, तर काका बाहेरच्या बाकावर तोंड पाडून बसलेले. हातात एक कागद.

‘‘आज सोडत नाहीत गं,’’ म्हणाले. ‘‘काल डॉक्टर स्वतः म्हणाले, उद्या घरी. आणि आता हे वाच.’’

कागदावर सकाळच्या तपासणीच्या नोंदी होत्या. नाडी, रक्तदाब, ताप. खाली टाक्यांच्या जागेपुढे बॉलपेनाने गिचमिड अक्षरात लिहिलेलं : डिस्चार्ज, निल.

टाक्यांतून पू किंवा पाणी येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. जखम कोरडी आहे, तेव्हा काकूला घरी न्यायला हरकत नाही. डिस्चार्ज नव्हता म्हणूनच तर डिस्चार्ज मिळणार होता! हे सांगितल्यावर काका आधी हसले, मग चिडले. ‘‘मग ‘पू नाही’ असं लिहायला हात दुखतात का यांचे?’’ माणसाने चौतीस वर्षं प्रतापनगरच्या रेल्वे ऑफिसात काढलेली. आयुष्यात कितीदा चार्ज दिला आणि कितीदा घेतला याचा हिशेब नाही. त्याच शब्दाने असं फसवावं, हे त्यांना लागलं.

बिल तयार व्हायला दुपार झाली. तोवर बाकावर बसून मी नुसती ऐकत होते. इन्चार्ज सिस्टर राउंडला गेल्यात. बिलाच्या खिडकीवर ड्रेसिंग चार्ज, नर्सिंग चार्ज आणि ‘इतर चार्जेस’. शेजारच्या पेशंटचा मुलगा विचारतोय, ‘‘बेन, चार्जर छे तमारी पासे?’’ काकांच्या मांडीवरच्या गुजराती पेपरात कुणावर तरी चार्जशीट, आतल्या पानावर कुठेतरी लाठीचार्ज, आणि कोपऱ्यात एका अधिकाऱ्याला ‘वधारानो चार्ज’, म्हणजे अतिरिक्त कार्यभार, सोपवल्याची दोन ओळींची बातमी. एका बाकावरून एवढे चार्ज दिसले, आणि त्यातल्या कुठल्याही दोघांचा एकमेकांशी काही संबंध असेल असं वाटेना.

मी इंग्रजीतून मराठीत आणि गुजरातीत भाषांतरं करते. या शब्दाने मला पूर्वी बराच घाम फोडलाय. आता तेवढा फोडत नाही, कारण त्याचं मूळ एकदा कळलं की गुंता बराचसा सुटतो.

मुळात ती एक गाडी आहे.

आजचा फ्रान्स ज्या भागात आहे, तिथे रोमन लोकांच्या आधीपासून गॉल नावाचे लोक राहायचे. त्यांच्या भाषेत चाकांच्या गाडीला ‘कर्रोस’ म्हणत. रोमनांनी ती गाडीही उचलली आणि शब्दही. लॅटिनमध्ये तो ‘कार्रुस’ झाला. त्यावरून पुढे क्रियापद निघालं, ‘कार्रिकारे’. अर्थ साधा : गाडीवर माल लादणं. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचं ‘शार्जे’च्या अंगाने जाणारं रूप झालं, आणि तेराव्या शतकाच्या सुमारास ते इंग्रजीत येऊन ‘चार्ज’ बनलं. ‘कार’ त्याच घरातली. ‘कॅरी’ही. स्पॅनिशमधून आलेला ‘कार्गो’ही. ‘करिअर’सुद्धा मूळची गाडीवाट, म्हणजे ज्या रस्त्याने गाड्या जातात तो रस्ता. मला सगळ्यात आवडतो तो ‘कॅरिकेचर’ : इटालियनमध्ये ‘कारिकारे’ म्हणजे लादणं, आणि चेहऱ्यातल्या एखाद्या खुणेवर प्रमाणाबाहेर भार टाकला की अर्कचित्र तयार होतं.

तर चार्ज म्हणजे लादणं आणि डिस्चार्ज म्हणजे उतरवणं. हे धरून आता काकूच्या कागदाकडे पुन्हा बघा. हॉस्पिटलने आपल्यावरची पेशंटची जबाबदारी उतरवली, तो एक डिस्चार्ज. शरीराने आतली घाण बाहेर टाकली, तो दुसरा. बंदुकीतून गोळी सुटली तरी डिस्चार्ज, कर्ज फिटलं तरी डिस्चार्ज, नदीतून सेकंदाला किती घनमीटर पाणी वाहतं त्यालाही इंजिनिअर डिस्चार्जच म्हणतात, मराठीत आपण विसर्ग. प्रत्येक वेळी काहीतरी भरलेलं होतं आणि ते रिकामं झालं. फक्त गाडी वेगळी.

हे इंग्रजीचंच वैशिष्ट्य आहे असं समजू नका. आपल्याकडे ‘भार’ बघा. कार्यभार, पदभार, प्रभारी, वीजबिलावरचा ‘मंजूर भार’, आभार. हो, आभारसुद्धा, आपल्यावर उपकाराचं ओझं आहे हे कबूल करणं. लादण्याची कल्पना एवढी जुनी आणि एवढी रोजची आहे की ज्या ज्या भाषेत माणसं माल वाहायची, त्या त्या भाषेत हे घडलं. म्हणून माझा पहिला नियम असा : ‘चार्ज’ दिसला की शब्दकोश उघडण्याआधी विचारायचं, कोणी, कोणावर, काय लादलं? उत्तर मिळालं की मराठी शब्द बहुतेक वेळा आपोआप पुढे येतो.

मोबाइलमध्ये नेमकं काय भरतं

सगळ्यात जास्त वापरला जाणारा आणि सगळ्यात कमी समजलेला चार्ज म्हणजे मोबाइलचा, म्हणून इथे जरा थांबते.

विजेत हा शब्द आला तो बंदुकीतून. जुन्या ठासणीच्या बंदुकीत दर वेळी नळीत दारू ठासून भरावी लागे. त्या एका वेळच्या मापाला चार्ज म्हणत. सुरुंगात भरतात त्या दारूलाही म्हणतात. १७४५-४६च्या सुमारास युरोपात काचेच्या बरणीत वीज साठवण्याची युक्ती सापडली, तिला लायडन जार म्हणतात. अमेरिकेत बेंजामिन फ्रँकलिनने त्या बरण्यांवर प्रयोग केले. त्याच्या मते वीज हा एक प्रवाही पदार्थ होता. तो जास्त झाला की अधिक, कमी पडला की उणे. बरणीत तो ठासून भरायचा आणि एकदम सोडायचा, अगदी बंदुकीसारखा. म्हणून भरणं ते चार्ज, सोडणं ते डिस्चार्ज. १७४९ मध्ये त्याने अकरा काचा ओळीने जोडून एक साठवण तयार केली आणि तिला नाव दिलं ‘बॅटरी’. बॅटरी म्हणजे तोफांची रांग! आपल्या खिशातल्या फोनमध्ये बॅटरी आणि चार्ज हे दोन्ही शब्द तोफखान्यातून आलेत.

फ्रँकलिनची अधिक-उण्याची खूण चालू राहिली आणि ती उलटी निघाली. १८९७ मध्ये जे. जे. थॉमसनने इलेक्ट्रॉन शोधला, तर तारेतून प्रत्यक्ष वाहणारे हे कण उणे बाजूचे. म्हणून आजही पुस्तकातल्या आकृतीत विजेचा बाण एका दिशेला आणि इलेक्ट्रॉन उलट्या दिशेला जातात, आणि दरवर्षी दहावीची मुलं गोंधळतात. त्यांचा काही दोष नाही.

आता गंमत अशी, की फोन ‘फुल चार्ज’ झाला तेव्हा त्यात विजेचा भार वाढलेला नसतो. शून्य टक्क्यांवरची बॅटरी आणि शंभर टक्क्यांवरची बॅटरी, दोन्हींतला एकूण धन आणि ऋण भार सारखाच. चार्जर काय करतो? बॅटरीच्या एका बाजूचे इलेक्ट्रॉन बाहेरच्या तारेतून ओढून दुसऱ्या बाजूला ढकलतो, आणि आतल्या आत लिथियमचे आयन, म्हणजे भार असलेले अणू, त्यांच्या मागोमाग तिकडे सरकतात. पाणी खालच्या टाकीतून गच्चीवरच्या टाकीत चढवावं, तसं. पाणी तेवढंच राहतं, पण आता ते उंचावर आहे, म्हणून नळ सोडला की जोराने येतं. बॅटरीवर ५,००० एमएएच लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ वरच्या टाकीतून खाली किती पाणी सोडता येईल. हिशेब केला तर तो १८,००० कूलॉम होतो; कूलॉम हे विजेचा भार मोजायचं माप. एका इलेक्ट्रॉनवरचा भार एवढा नगण्य, की तेवढ्यासाठी एकावर तेवीस शून्यं एवढ्या इलेक्ट्रॉनांना एका बाजूने दुसरीकडे जावं लागतं.

या विजेच्या चार्जला तीन शेजारणींनी काय म्हटलं ते बघण्यासारखं आहे. आमच्या गुजराती शाळांच्या पुस्तकांत ‘विद्युतभार’. महाराष्ट्राच्या मराठी पुस्तकांत ‘विद्युत प्रभार’. दोघींनी ओझं उचललं. हिंदीने मात्र ‘आवेश’ घेतला. मराठीत आवेश म्हणजे त्वेष, अंगात संचारलेलं काहीतरी. आधी मला वाटायचं हिंदीवाल्यांची वाट चुकली. मग आठवलं, आपल्याकडेही अंगारा ‘भारून’ देतात. ‘सभागृह भारलेलं होतं’ म्हणतो ते त्याच चालीवर, आणि इंग्रजीत अशा वातावरणाला चार्ज्डच म्हणतात. मंत्र घातलेला ताईत आणि वीज भरलेली बॅटरी यांत बाहेरून काही फरक दिसत नाही. हात लावल्यावर कळतं.

चार्ज घेणं, चार्ज देणं

काकांचा चार्ज हा. खुर्चीबरोबर येणारी जबाबदारी, किल्ल्या, फायली, डेड स्टॉक रजिस्टर, आणि आधीच्या माणसाने करून ठेवलेले घोळ. छापील मराठीत याला कार्यभार किंवा पदभार म्हणतात आणि तो नेहमी ‘स्वीकारला’ जातो. बोलताना कुणी कार्यभार स्वीकारत नाही, चार्ज घेतात. दोन्ही शब्द आपापल्या जागी ठीक आहेत. निमंत्रणपत्रिकेत ‘चार्ज घेतला’ आणि चहाच्या टपरीवर ‘पदभार स्वीकारला’, दोन्ही सारखेच विनोदी वाटतात.

गुजरातीत याला अजून एक शब्द चांगला वापरात आहे, ‘हवालो’. हवालो सोंपवो, हवालो संभाळवो. मूळ अरबी ‘हवाला’, म्हणजे एकाकडून दुसऱ्याकडे सोपवणं. मराठीने तो ‘हवाली करणे’त ठेवला, हिंदीने ‘हवालात’ म्हणजे कोठडीत टाकला, आणि पैशांच्या काळ्या व्यवहाराने त्याचं नाव इतकं खराब केलं की आता ‘हवाला’ म्हटलं की लोक आजूबाजूला बघतात. पण त्याला फारसीचा ‘दार’ जोडला की होतो हवालदार. ज्याच्याकडे हवाला आहे तो, म्हणजे अक्षरशः इन्चार्ज. शिवाजी महाराजांच्या गडावर हवालदार, सबनीस, सरनोबत असत आणि गडाच्या किल्ल्या हवालदाराकडे. आज तो खात्याच्या बऱ्याच खालच्या पायरीवर आला. शब्दांचीही पदावनती होते.

‘इन चार्ज’मध्ये इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी एक सापळा आहे. ‘नर्स इज इन चार्ज ऑफ द पेशंट’ म्हणजे पेशंटची जबाबदारी नर्सवर. ‘पेशंट इज इन द चार्ज ऑफ द नर्स’ म्हणजेही तेच! मध्ये एक इवलासा ‘द’ आला आणि वाक्य उलटं फिरलं, पण जबाबदारी जिथल्या तिथे राहिली. मराठीत असं होत नाही, कारण आपण ‘वर’, ‘कडे’, ‘खाली’ असे शब्द जोडून कोण कोणाच्या ओझ्याखाली आहे ते स्पष्ट करतो. रुग्ण नर्सच्या देखरेखीखाली, नर्सकडे रुग्णाची जबाबदारी. आणि इन्चार्ज हे नाम, म्हणजे ‘आमच्या इन्चार्ज रजेवर आहेत’, हे तर आपल्याच देशातलं इंग्रजी. लंडनला कुणी असं म्हणत नाही. आपल्याला चालतं, तर चालू द्यावं.

पेपरातला चार्ज

इथे चुका खऱ्या महागात पडतात. सुरसागरासमोरच्या न्यायमंदिरात कोर्ट भरायचं तेव्हापासून मी अधूनमधून कोर्टाचे कागद भाषांतराला घेते. कोर्ट आता तिथून हललं, पण गैरसमज तेच राहिलेत. बहुतेक लोकांना वाटतं की चार्जशीट झाली म्हणजे आरोप ठरला. तसं नसतं.

चार्जशीट देतात पोलीस. तपास संपला की ते आपला अहवाल न्यायालयाला सादर करतात. कायद्याच्या भाषेत तो ‘पोलीस अहवाल’च, चार्जशीट किंवा दोषारोपपत्र हे त्याचं चालू नाव. आरोपी कोठडीत असेल तर गुन्ह्याच्या स्वरूपाप्रमाणे ६० किंवा ९० दिवसांत तो द्यावा लागतो, नाहीतर जामिनाचा हक्क मिळतो. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, तिनेही ही मुदत ठेवलीय. म्हणून पेपरात ‘चार्जशीट वेळेत नाही, आरोपीला जामीन’ अशा बातम्या येतात. तिथे न्यायाधीशाने दया दाखवलेली नसते.

त्यानंतर न्यायाधीश कागद वाचतात, दोन्ही बाजू ऐकतात, आणि खटला चालवण्याइतकं काही आहे असं वाटलं तरच आरोप ‘निश्चित’ करतात. इंग्रजीत त्याला चार्ज ‘फ्रेम’ करणं म्हणतात. तसं काही आढळलं नाही तर? तर डिस्चार्ज. मराठीत आरोपमुक्त. आणि पूर्ण खटला चालून, साक्षीपुरावे होऊन गुन्हा सिद्ध झाला नाही, तर निर्दोष मुक्तता. आरोपमुक्ती म्हणजे गाडीवर माल चढलाच नाही. निर्दोष मुक्तता म्हणजे चढला, गावभर फिरला आणि मग उतरला. बातमी लिहिताना या दोघांची अदलाबदल करणारे वार्ताहर मला भेटलेत, आणि त्यांच्या बातम्यांवरून भावकीत भांडणं झालेलीही मी पाहिलीत.

‘आरोप’ हा शब्दसुद्धा लादण्याचाच आहे. वृक्षारोपणातलं ‘आरोपण’ आणि हा आरोप सख्खे भाऊ : वर ठेवणं, चढवणं. इंग्रजीला गाडीने जे दिलं ते संस्कृतने आपल्याला परस्पर दिलं होतं.

आणि याहून थेट नमुना सातबाऱ्यावर मिळतो. जमीन तारण ठेवून कर्ज काढलं की उताऱ्यावर बँकेची नोंद होते. १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात असा एखाद्याच्या जमिनीवरचा दुसऱ्याचा हक्क, जो पुरता गहाण नसतो, त्यालाही ‘चार्ज’ म्हटलंय. तलाठ्याच्या भाषेत? बोजा. ‘बोजा चढवला’, ‘बोजा कमी केला’. गुजरातेतही सातबार आहे आणि तिथेही ‘बोजो’च आहे, आणि कर्ज फिटलं की ‘बोजा मुक्ति’. भाषांतरकारांच्या बैठका घेऊनही इतका चपखल शब्द निघाला नसता. बोजा असलेली जमीन विकत घेतली तर बोजासकट घेतली, हे शब्दच सांगतो. वकील न लावता कळतं. पादरा गावाकडे जमीन बघायला निघालेल्या माझ्या एका मावसभावाला मी एवढंच सांगितलं होतं, उताऱ्यात बोजा शोध.

स्पर्धा परीक्षांच्या मुलांसाठी एक ओळ : केंद्राच्या अंदाजपत्रकात काही खर्च संचित निधीवर ‘चार्ज्ड’ असतात, हिंदीत भारित, मराठीत प्रभारित. राष्ट्रपतींचं वेतन, सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे पगार वगैरे. त्यांवर संसदेत चर्चा होऊ शकते, मतदान होत नाही. आधीच गाडीवर चढवलेला माल, तो उतरवायचा की नाही हे विचारतच नाहीत.

‘कितना चार्ज होगा?’

पैशांचा चार्ज सगळ्यांना समजतो, म्हणून त्याच्यावर जास्त बोलण्यात अर्थ नव्हता. पण इथे समानार्थी शब्दांची गोष्ट निघते, आणि ती मला सोडवत नाही.

इंग्रजीत चार्जचे जोडीदार पुष्कळ. डॉक्टर-वकिलाला देतो ती फी, बसला देतो ते फेअर, रस्त्याला टोल, घराला रेंट, वस्तूला प्राइस. एकाच्या जागी दुसरा ठेवला तर वाक्य लंगडतं. यात ‘चार्ज’ हा सगळ्यांत आळशी, कुठेही जाऊन बसतो. बिल करणाऱ्यांना म्हणूनच तो प्रिय. ‘इतर चार्जेस’ असं लिहिलं की काय लादलं ते सांगावं लागत नाही. हॉटेलांनी बिलात आपणहून सर्व्हिस चार्ज लावू नये, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला बजावलं, तेही याच सवयीपायी.

मराठीने मात्र प्रत्येक कामाच्या मोबदल्याला वेगळं नाव दिलं होतं. हमालाची हमाली, दलालाची दलाली, शिंप्याची शिलाई, पाण्याची पाणीपट्टी. आणि त्यासाठी एक खास प्रत्ययच होता : ‘णावळ’. दळायचे पैसे ती दळणावळ. धुण्याचे ती धुणावळ. लिहून देण्याचे ती लिहिणावळ. क्रियापद घ्या, णावळ लावा, दर तयार. आज यातली एकच टिकली, खाणावळ. तीही मुळात जेवणाचे पैसेच. ‘महिन्याची खाणावळ किती?’ असं विचारत. पुढे जिथे ते पैसे देऊन जेवायचं त्या जागेलाच खाणावळ म्हणू लागले. माझी आजी रावपुऱ्याच्या गिरणीवर दळण पाठवताना ‘दळणावळीचे पैसे’ वेगळे बांधून द्यायची. आता गिरणीवाला भाई विचारतो, ‘‘चार्ज पछी आपशो?’’, म्हणजे पैसे नंतर देणार का, आणि आम्ही हो म्हणतो.

‘फ्री ऑफ चार्ज’चं मराठी करताना मात्र चैन आहे. फुकट, मोफत, विनामूल्य, निःशुल्क. सरकारी जाहिरातीत निःशुल्क, शिबिरात मोफत, संस्थेच्या पत्रकात विनामूल्य, आणि घरात फुकट. ‘विनामूल्य नेत्रतपासणी’ला माणसं आदराने येतात, ‘फुकट डोळे तपासा’ला कोण जाईल?

हल्ल्याचा चार्ज थोडक्यात. शस्त्र भरून, रोखून सज्ज व्हायचं आणि तसंच शत्रूच्या अंगावर आपला सगळा भार टाकायचा, अशा वाटेने तो अर्थ आला. १८५४ मध्ये क्रिमियाच्या युद्धात बालाक्लाव्हाला इंग्रजांचे सहाशेहून अधिक घोडेस्वार तोफांवर चालून गेले, त्याला चार्जच म्हणतात. त्या घोड्यालाही चार्जर म्हणत. आपल्याकडे यासाठी चढाई, एल्गार, तुटून पडणं, अंगावर जाणं इतके शब्द आहेत की चार्जची गरज नव्हती. पण तो काठीबरोबर शिरला आणि लाठीचार्ज होऊन बसला. मराठी पेपरांनी ‘लाठीमार’ केला, तो चांगला शब्द आहे. त्याच्यामागे ‘सौम्य’ कुणी लावला, त्याने एकदा तो खाऊन बघायला हवा होता.

अर्थ जास्त म्हणून चार्ज इंग्रजीतला सगळ्यात अवघड शब्द असं मात्र नाही. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या १९८९च्या आवृत्तीत सगळ्यात लांब नोंद ‘सेट’ या क्रियापदाची होती, सुमारे ६०,००० शब्दांची. २०११ मध्ये ‘रन’ने तिला मागे टाकलं, एकट्या क्रियापदाचे ६४५ अर्थ. छोटे, घरगुती शब्दच असे पसरतात. आपलं ‘लागणे’ घ्या. भूक लागते, दिवा लागतो, नंबर लागतो, ठेच लागते, मुलगा हाताशी लागतो, बोललेलं मनाला लागतं. कुणा परक्याला हे शिकवून बघा, मग चार्जबद्दल तक्रार करा.

बडोद्याला या झटापटीची सवय जुनी आहे. सयाजीराव महाराजांच्या राज्यात प्रजा गुजराती, राजघराणं आणि कारभारी मंडळी बरीचशी मराठी, कायद्याचे नमुने इंग्रजी आणि दफ्तरातले शब्द फारसी. एका इंग्रजी शब्दाला कोण काय म्हणेल याचा नेम नव्हता. त्यातून १९३१ मध्ये ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ हा कोश निघाला. राज्यकारभारातले इंग्रजी शब्द आणि त्यांना गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी आणि बंगालीतले प्रतिशब्द, शेजारी शेजारी मांडलेले. समानार्थी म्हणून आपण जे खुशाल एका ओळीत लिहितो, ते असे आठ घरांतून आलेले असतात आणि प्रत्येकाच्या अंगाला आपापल्या घराचा वास असतो. हवालो फारसी कचेरीचा, कार्यभार संस्कृत पाठशाळेचा, बोजा शेताच्या बांधावरचा. शब्द निवडायचा म्हणजे आपण कुणाच्या घरात बसून बोलतोय ते आधी ठरवायचं.

त्या दिवशी चारच्या सुमाराला काकूला रिक्षाने घरी आणलं. हॉस्पिटलने एक छापील सूचनापत्र दिलं होतं, इंग्रजीत. त्यातली एक ओळ वाचून मला हसू आवरेना. डिस्चार्जनंतर जखमेतून डिस्चार्ज आल्यास सिस्टर इन्चार्जना कळवावं, पुन्हा तपासणीला एक्स्ट्रा चार्ज नाही. एका वाक्यात चार. मी काकूसाठी मोठ्या अक्षरात मराठीत लिहून दिलं : ‘घरी आल्यावर टाक्यांतून पाणी किंवा पू आला तर वॉर्डातल्या मोठ्या सिस्टरना फोन करा. पुन्हा तपासायचे वेगळे पैसे पडणार नाहीत.’

काकांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं, फ्रिजवर चिकटवलं, आणि खाली आपल्या रेल्वेच्या अक्षरात फोन नंबर लिहिला. मग खिसे चाचपत म्हणाले, ‘‘अगं, तो चार्जर त्या मुलाकडेच राहिला की.’’